नात्यागोत्याची यंत्रं

काका समोरच्या माणसाचा चेहरा नंतर पाहायचे, आधी त्याच्या पायाखालची लादी. मी नोकरीसाठी त्यांच्या गाळ्यात पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला शिक्षण विचारलं नाही की अनुभव विचारला नाही. घरी लादी कोण पुसतं, एवढंच विचारलं. मी म्हटलं, मीच. कशाने, तर जुन्या टॉवेलने. बसून की उभ्याने? बसून. त्यांनी वाईट वाटल्यासारखी मान हलवली, आतून एक नवाकोरा मॉप आणून माझ्या हातात दिला आणि सोमवारपासून या म्हणाले.

लालबागची खोली सोडून आम्ही मीरा रोडला राहायला आलो त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. फोर्टातली नोकरी मी जाण्यायेण्याच्या त्रासापायी सोडली होती आणि घरी बसून माझं डोकं फिरायची वेळ आली होती. हाटकेशमधल्या इंडस्ट्रियल इस्टेटीत काकांचा गाळा होता. तिथे मॉपचे गोंडे तयार व्हायचे, म्हणजे दांड्याला खाली जो सुताचा झुपका असतो तो. फोन घ्यायचे, माल वेळेवर धाडायचा आणि गिऱ्हाइकांशी हिंदीत भांडायचं, असं माझं काम ठरलं. भांडण मला उपजतच येतं, त्यामुळे फार शिकावं लागलं नाही.

गोंडा करणं म्हटलं तर सोपं. कोनावरचं, म्हणजे पुठ्ठ्याच्या शंकूवर गुंडाळून आलेलं, जाड सूत मोठ्या चाकावर गुंडाळायचं, पुरेसं झालं की मधोमध कापडी पट्टी शिवायची आणि टोकं कापायची. काकांनी या प्रत्येक कामाला स्वतः यंत्र बनवलं होतं. काशिमीऱ्याच्या भंगारवाल्यांकडे ते भाजी निवडल्यासारखे सामान निवडत बसायचे. सायकलच्या रिमा, वॉशिंग मशीनच्या मोटारी, कुणीतरी हौसेने घेऊन टाकून दिलेला व्यायामाचा पट्टा, काहीही त्यांना चालायचं. बनवलेल्यांपैकी निम्मी यंत्रं चालायची नाहीत. उडणारी रुई ओढून घेणारं एक यंत्र त्यांनी केलं होतं. त्याने रुई सोडून शिलाईवर बसणाऱ्या नसीमची ओढणी ओढून घेतली. तेव्हापासून नसीम कोणतंही नवं यंत्र सुरू होताना दाराबाहेर जाऊन उभी राहायची.

चालणाऱ्या यंत्रांना ते घरातल्यांची नावं द्यायचे. सूत गुंडाळायच्या चाकाचं नाव आत्या, कारण ते दिवसभर कुरकुरायचं आणि काकांची थोरली बहीण, म्हणजे घरातल्या सगळ्या मुलांची आत्या, तशीच होती. कोन ठेवायच्या घोडीचं नाव मावशी, ती सगळ्यांना अंगावर घ्यायची. टोकं कापायच्या यंत्राचं नाव जावई, कारण त्याला विचारपूस केल्याशिवाय आणि तेल पाजल्याशिवाय ते हलायचं नाही. एकदा अंधेरीच्या गिऱ्हाइकाने उशीर का झाला म्हणून फोन केला, तो काकांनीच उचलला. आत्या सकाळपासून ओरडतेय, मावशीचा पाय मोडलाय, जावई रुसलाय, असं त्यांनी खरं ते सांगून टाकलं. पलीकडचा माणूस सावकाश द्या, आधी घरचं बघा म्हणाला. मीही त्याचा गैरसमज दूर केला नाही.

ओला मॉप गोंडा खाली करून उभा ठेवला की तो कुजतो, हे त्यांचं जगाला सांगणं होतं. गोंडा वर पाहिजे, वाऱ्याला. पुतण्याच्या लग्नात ऐन मुहूर्ताला ते सापडेनात. मी शोधत गेले तर हॉलच्या मागच्या मोरीत, रेशमी झब्ब्यात, सगळे पोछे उलटे करून खिळ्यांना टांगत होते. आमच्याकडे गणपतीला आले तेव्हा दर्शन घेऊन खाली उतरेपर्यंत सातही मजल्यांवरचे पोछे डोकं वर करून उभे. वॉचमनने मला विचारलं, “वो पागल अंकल आपके रिश्तेदार हैं क्या?” मी हो म्हटलं. असं एकदम हो का म्हटलं ते मलाही कळलं नाही, पण म्हणून बरं वाटलं.

आणखी एक नेम त्यांचा होता. चाकावर सूत चढत असताना बाईला उठवायचं नाही. पाहुणा आला, गिऱ्हाईक आलं, घरून फोन आला, काहीही असो. “चाक भरू दे,” म्हणायचे. अर्धवट सोडलेल्या चाकावरचं सूत ढिलं पडतं हे कारण होतंच, पण मला वाटतं तेवढंच नव्हतं. चार वाजता ते स्वतः चहा करायचे आणि कप हातात धरून बाईच्या शेजारी उभे राहायचे. चहावर साय धरायची, काका हलायचे नाहीत. चाक भरलं की मगच कप पुढे व्हायचा.

हा चहा बहुतेक वेळा काकींसाठी असायचा. सूत गुंडाळायचं मुख्य काम त्यांच्याकडे होतं. गोंड्याची सगळी गोम ओढीत आहे. सूत कमीजास्त ओढलं गेलं तर लांडेमोठे पदर येतात आणि असा पोछा लादीवर पट्टे ओढतो. काकी उजव्या हाताच्या दोन बोटांतून सूत सोडायच्या, डाव्याने चाक फिरवायच्या, आणि तोंडाने काकांची थट्टा करायच्या. तिन्ही कामं एका लयीत चालायची.

दोघंही भाईंदरच्या जुन्या कोळीवाड्यातले. काकांच्या वडिलांची होडी होती. आणि काकांना बोट लागायची. कोळ्याच्या पोटी जन्मून माणूस खाडीच्या तोंडापर्यंत जातो न जातो तोच ओकायला लागतो, ही गोष्ट काकी प्रत्येक नव्या माणसाला सांगायच्या. त्यांच्या घरात रीत अशी की लग्नात नवरीने उजव्या हातातला चुडा दर्याला द्यायचा. माझ्या माणसाला सांभाळ म्हणून. पुढे जन्मभर उजवा हात मोकळा, बांगड्या फक्त डाव्या हातात. तशा काकींच्या डाव्या हातात हिरव्या काचेच्या जाड बांगड्या होत्या, आता बाजारात दिसत नाहीत तशा. “आन् हा मानूस काही दिवसांतच दर्या सोडून घरी,” काकी म्हणायच्या. “माझ्या बांगड्या फुकट गेल्या.” काका यंत्राखाली डोकं घालून हसायचे. जाळं विणणारा हात सुताकडे वळला तो असा.

मग काकींना झटका आला. उजवी बाजू गेली. हॉस्पिटलातून घरी आल्या, हळूहळू बोलणं परत आलं, काठीने चालणं आलं, हात मात्र आला नाही. मी भेटायला गेले तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. काका पायाशी बसले होते. काकी मला म्हणाल्या, “दर्याला कबूल केलेला हात व्हता. मानूस दर्यावर गेला न्हाय, मग दर्यानं हात नेला.” नेहमीचीच गोष्ट, पण या वेळी त्यात थट्टा नव्हती. काकांनी मान खाली घातली ती मी तिथून निघेपर्यंत वर केली नाही. मला त्यांच्याकडे बघवेना.

त्या दिवसापासून काकांना एकच ध्यास लागला. काकींना पुन्हा चाकावर बसवायचं. बाकी सगळी यंत्रं त्यांच्या डोक्यातून गेली. त्यांची समजूत अशी की काकी भिंतीकडे तोंड करून राहिल्या तर फार दिवस राहणार नाहीत. आणि मला वाटतं ती खरी होती.

पहिला मार्ग त्यांनी काढला तो साफ चुकीचा होता. ते काकींना रिक्षाने गाळ्यात घेऊन आले, आत्यासमोर बसवलं, चाक फिरवायला नसीमला दिलं आणि सूत काकींच्या डाव्या हातात. डाव्या हाताला ती ओढ माहीत नव्हती. गोंडे वेडेवाकडे झाले. पहिलाच माल परत आला. काकांनी काकींना त्यातलं काही सांगितलं नाही. छान होतंय, म्हणाले. रोज संध्याकाळी काकींना घरी धाडलं की ते काकींनी दिवसभरात गुंडाळलेलं सगळं, शिवायच्या आणि कापायच्या आधीच, उकलायचे आणि सूत पुन्हा कोनांवर चढवून ठेवायचे. मी आणि नसीम बघत होतो. काकींचा चेहरा उजळत चालला होता, त्यामुळे कुणाच्या तोंडून शब्द निघाला नाही.

सूत मध्येच तुटायचं. काकी एका हाताने आणि दातांनी त्याला गाठ मारायच्या. एक टोक लांब सुटलेली, चमत्कारिक दिसणारी, पण पक्की गाठ. तशी दुसऱ्या कुणाला यायचीच नाही. एका सकाळी काकांनी नवा म्हणून कोन लावला, चाक फिरलं, आणि काकींच्या बोटांतून तीच गाठ पुढे आली. दुसरा कुणी असता तर त्याने उकलताना गाठी कापून टाकल्या असत्या. काकांना ते जमलं नव्हतं. नीट बसलेली गाठ कापायची नाही, हे लहानपणी जाळ्यावर बसून शिकलेलं. दर्या सुटला तरी ते सुटलं नव्हतं.

“ही गाठ माझी हाय,” काकी म्हणाल्या. “नव्या कोनात माझी गाठ कशी आयली?”

नसीमने चाक थांबवलं. काकींनी मला रिक्षा बोलवायला सांगितली आणि काकांकडे न बघता म्हणाल्या, “मना काम द्या, न्हायतर घरी बसवा. खेळायला बसवू नका.”

त्या पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडल्या. काका घरी जेवायचे, झोपायचे, पण काकी त्यांच्याशी बोलत नव्हत्या. आणि गाळ्यात काकांनी खऱ्या यंत्राला हात घातला. चाक डाव्या पायाने दाबायच्या पायट्याने फिरणार, आणि सुताला लागणारी ओढ बोटांऐवजी कड्यांनी मिळणार. एकामागोमाग कड्या बसवायच्या, सूत एकीच्या वरून, दुसरीच्या खालून वळत वळत जाणार. एका हाताचं काम फक्त सूत लावायचं आणि तुटलं तर जोडायचं. कल्पना सरळ होती. घोटाळा कड्यांत होता. लोखंडी कडी सुताने घासून खाचली जायची आणि त्या खाचेत सूत तुटायचं. प्लास्टिकची तर बघता बघता कापली जायची. काच टिकेल, असं काकांच्या मनात आलं. ते भाईंदर स्टेशनजवळच्या बांगडीवाल्याकडे गेले. त्याने भाभीजींचं माप विचारलं, तर हे म्हणाले, हात नहीं है, धागा है. बांगडीवाल्याने घाईघाईने हव्या तेवढ्या बांगड्या बांधून दिल्या.

त्याही चालल्या नाहीत. काचेच्या बांगडीला जिथे तिची दोन टोकं जोडतात तिथे बारीकसा उंचवटा असतो. डोळ्यांना दिसत नाही, सुताला कळतो. सूत तिथे अडकायचं, पिंजायचं, तुटायचं. काकांनी पॉलिश पेपरने घासून पाहिलं, बांगड्या फुटल्या. हात कापून घेतले. बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, आणि काका प्रत्येक वेळी वाढली म्हणायचे, त्यामुळे दिवसभर गाळ्यात वाढली, वाढली एवढंच ऐकू यायचं. आधी आम्ही हसायचो. नंतर हसू येईना. काका खंगत चालले होते.

शेवटी न राहवून मी काकींकडे गेले. म्हातारा काय करतोय, असं त्यांनीच विचारलं. मी सगळं सांगितलं, पायटा, कडी, बांगडीवाला, आणि पर्समधली एक बांगडी काढून दाखवली. काकींनी ती डाव्या हातात घेतली आणि खालच्या ओठावरून फिरवली. उजव्या हाताने चाचपायची सोय नव्हती ना.

“सांधा जिता हाय अजून,” त्या म्हणाल्या. “हा सूत खानार.” मग कितीतरी दिवसांनी त्या हसल्या. ह्यांना बांगड्यांतलं काय कळतंय, म्हणाल्या, आणि आपला डावा हात माझ्यापुढे केला. मी त्यांच्या एकेका बांगडीवरून बोट फिरवलं. सांधा कुठे आहे ते सापडेना. वर्षानुवर्षं पाणी, मासळी, भांडी, राख आणि सूत लागून तो झिजून गेला होता.

त्यांनी मला साबण आणायला सांगितला. काय करायचंय ते माझ्या लक्षात आलं. काका धडधाकट असताना मी त्यांच्या बायकोच्या हातातल्या बांगड्या कशा काढू? मी तसं म्हणालेही. काकी शांतपणे म्हणाल्या, “उजव्या हातच्या दर्याला दिल्या, ह्यांना सांभाळ म्हनून. त्यानं सांभाळलंच. ओकायला लावून घरी धाडलं. आता ह्या मशिनीला देते. मना सांभाळ म्हनून.”

मी साबण लावून एकेक बांगडी उतरवली. सगळ्या माझ्या रुमालात बांधून घेतल्या.

गाळ्यात मी रुमालाची गाठ सोडली तेव्हा काकांचा रंग उतरला. मी जिता हाय, एवढंच ते म्हणाले, अगदी हळू. मग रुमाल पुन्हा बांधून खिशात घातला, कपड्यांवरची रुई न झटकता भर दुपारी घरी निघून गेले. दोघांत काय बोलणं झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी रिक्षातून दोघं उतरली. काकांनी बांगड्या बसवल्या, काकी खुर्चीवरून ही खाली घ्या, ती वर घ्या असं सांगत होत्या. बांगड्या घट्ट बसवल्या नव्हत्या, एकाच जागी झिजू नयेत म्हणून आपल्या आपण फिरतील अशा सैल ठेवल्या होत्या. त्यामुळे काकींनी पायटा दाबला आणि बांगड्या वाजल्या. काकी पूर्वी काम करायच्या तेव्हा यायचा तोच आवाज. नसीम दाराबाहेर उभी होती, ती आत आली.

पहिला गोंडा शिवून झाल्यावर काकांनी तो दांड्याला लावला आणि पाठीमागे सरकत सरकत सगळा गाळा स्वतः पुसला. मग वाकून लादी पाहिली. “पट्टे न्हाईत,” म्हणाले. काकींनी तोवर दुसरं सूत लावलं होतं.

त्या यंत्राचं नाव काय ठेवलं म्हणून मी विचारलं, तर काका लाजले. उखाण्याशिवाय ते नाव त्यांना घेता येत नव्हतं. शेवटपर्यंत ते त्याला ‘ही’ म्हणायचे. आज ही चांगली चालतेय. हिच्या पायट्याला तेल पाहिजे. त्यातली कुठली ही ते आम्हाला संदर्भाने ओळखावं लागायचं. एकदा भिवंडीहून एक व्यापारी यंत्र बघायला आला. त्याला तसंच बनवून घ्यायचं होतं, आणि ही हिरवी रिंग कुठे मिळते ते हवं होतं. काका त्याला गंभीरपणे म्हणाले, “उसके लिए पहले शादी करना पड़ता है, फिर बहुत रुकना पड़ता है.” व्यापाऱ्याने चहा अर्धवट टाकला.

कोळीवाड्यात मात्र या मोकळ्या हातावरून बरंच बोललं गेलं. नवरा जिवंत असताना हात भुंडे, हे थोरल्या आत्याला तर मुळीच सोसलं नाही. काकी ऐकून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी कामावर यायच्या. अशी बरीच वर्षं गेली. माझ्या मुलीची बारावी झाली, आमच्या रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहिले, जावई दोनदा बदलला. चार वाजता काका कप धरून काकींशेजारी उभे असायचे.

गेल्या वर्षी गणपती उठले आणि काही दिवसांतच काका गेले. सकाळी उठलेच नाहीत. मी आणि नसीम पोचलो तेव्हा घर बायकांनी भरलं होतं. थोरली आत्या काकींचा डावा हात हातात घेऊन बसली होती. फोडायला बांगडी नव्हती. आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, यंत्रातल्या घेऊन ये. भावाबरोबर त्या गेल्या पाहिजेत, तशी रीत हाय. गाळ्याची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. मी काकींकडे पाहिलं. त्यांनी नाही म्हटलं तर आज, या बायकांपुढे, त्यांना कोण सांभाळून घेणार ते मला सुचेना. आणि हो म्हटलं तर ते यंत्र संपलं आणि काकीही.

काकी रडत होत्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं.

“त्या कामावर हायत,” म्हणाल्या. “चाक भरल्याबिगर कुनाला उठवायचं न्हाय. ह्यांचा नेम हाय तो.”

आत्याने काकींचा हात सोडला नाही, तसाच मांडीवर घेऊन बसली.

तेरावं झाल्यावर काकी आल्या. मी कुलूप काढलं, नसीमने दिवे लावले. काकींनी सूत लावलं, पायटा दाबला, बांगड्या वाजायला लागल्या. चार वाजले तेव्हा मी चहा केला आणि कप हातात धरून त्यांच्या शेजारी उभी राहिले. चहावर साय धरली. चाक अजून भरायचं होतं.